नऊ बोटं

आमच्या गावच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या डीपीला दोन तळपायांचा फोटो आहे. भेगाळलेले, टाचांना काळपट रंग चढलेले पाय. उजव्या पायाला पाच बोटं, डाव्याला चार. फोटो मी काढलेला आहे. फोटोच्या धंद्यात माझे केस पिकले. लग्नं काढली, बारशी काढली, निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांचे हात जोडलेले फोटो काढले. पण माझा सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला फोटो कुठला म्हणाल, तर हाच.

ग्रुपचं नाव 'नऊ बोटं'. ते ज्यांचे पाय, त्यांनीच ठेवलं.

ग्रुप नवा होता तेव्हा शिराळ्याकडची एक बाई कुणाच्या तरी नात्यातून त्यात आली. आल्या आल्या तिनं डीपी बघितला, ओळीनं हात जोडले आणि लिहिलं, 'महाराजांच्या चरणांचं दर्शन झालं. धन्य झाले. मठ कुठं आहे?' तिचं बघून आणखी दोघी-तिघींनी हात जोडले. पुढच्या गुरुवारी कुणीतरी त्या पायांभोवती झेंडूच्या फुलांची चौकट टाकली, खाली 'शुभ गुरुवार' लिहिलं, आणि तो फोटो पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांतून फिरून परत आमच्याच ग्रुपात येऊन पडला. तेव्हा ते पाय ज्यांचे, त्या तात्यांचा आवाज आला. ते लिहीत नसत, बोलून पाठवत.

"आगं बाई, मट न्हाई, गुऱ्हाळ हाय ह्ये. आन् पाय म्हाराजांचं न्हवंत, शुगरवाल्याचं हायत. नमस्कार करायचा तर कर, पन आदी सोताचं तळपाय बगून ये. बास."

ती बाई खरंच बघून आली. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या टाचेचा फोटो टाकला. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तात्यांचं नाव राजाराम. पण गावात राजाराम बरेच आणि तात्याही बरेच, म्हणून त्यांना सगळे 'गुळव्या तात्या' म्हणायचे. गुऱ्हाळावर काहिलीत, म्हणजे त्या भल्या मोठ्या कढईत, रस उकळत असताना तो नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. निम्मी सोयरीक साताऱ्यात, निम्मी सांगलीत, आणि मधल्या सगळ्या रानात ऊस. कारखाने वाढले तशी गुऱ्हाळं कमी झाली, पण तात्यांची काहील कुठं ना कुठं पेटलेली असायचीच.

बुटका, रुंद माणूस. इंजिनाच्या धडधडीवर ओरडून बोलायची जन्माची सवय, त्यामुळं फोनवरही ओरडत. त्यांचा मेसेज उघडायचा झाला की माणसं फोन कानापासून लांब धरायची. बोलण्याआधी फोन धोतराच्या सोग्यानं पुसायचे, मग तळहातावर भाकरीसारखा आडवा धरायचे, त्यावर तोंड आणायचे आणि बोलून झालं की शेवटी 'बास' म्हणायचे. बास म्हटल्याशिवाय फोनला कळत नाही, अशी त्यांची समजूत होती. पुढं आम्हालाही तसंच वाटायला लागलं. बास ऐकू आलं नाही की मेसेज अर्धा आलाय असं वाटायचं.

त्यांचं बोट कसं गेलं ते त्यांनी मला स्वतःच सांगितलंय, आणि तेही हसत. काहिलीजवळ ते कायम अनवाणी. उकळता पाक उतरवताना त्याचा एक थेंब पायावर उडाला. बाकीची माणसं ओरडली, हे जागचे हलले नाहीत. "मी सगळ्यास्नी फुशारकीनं सांगत हुतो संपत्या, ह्यो गुळव्याचा पाय हाय, चटका लागत न्हाई. आरं, लागत न्हाई म्हंजे पाय बहिरा झालाय, ह्ये कुनाला म्हाईत?" साखर झाली होती, कितीतरी वर्षांपासून. जखम चिघळली, वास यायला लागला, तेव्हा मिरजेला नेलं. तिथं बोट काढलं.

त्यानंतर कुणी पायाकडं बघून हळहळलं की ते म्हणत, "एक बोट मिरजंला बदलीवर गेलंय. बाकीची नऊ हितंच हायत."

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज तळपाय बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघायचे. घरात आरसा एकच होता, तो त्यांच्या बायकोचा, हौसाकाकींचा. दुसऱ्याच दिवशी भांडण लागलं. काकी ओसरीत उभ्या राहून गल्लीला ऐकवत होत्या, "मी ज्यात कुकू लावती त्या आरश्यात ह्यो मानूस तळपाय बगतोय! लाज हाय का काय?" तात्यांनी आरसा जाग्यावर ठेवला आणि ते तडक माझ्या दुकानात आले.

मी संपत. बसस्टँडच्या कोपऱ्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. आता फोटो कमी आणि रिचार्ज जास्त. मी कमी बोलणारा माणूस. कॅमेऱ्याच्या मागं उभं राहिलं की बोलावं लागत नाही, म्हणूनच बहुधा हा धंदा मला मानवला. एक गोष्ट मी आजवर कुणापुढं नीट बोललेलो नाही. तात्यांबद्दल सांगायचं तर ती आता टळणार नाही.

तात्यांनी ज्या स्टुलावर नवऱ्या मुली बसतात त्या स्टुलावर, समोर बसून, दोन्ही पाय लांब करून ठेवले आणि म्हणाले, "काढ."

"स्माईल म्हणू का?" मी विचारलं.

"म्हन की. बोटं हसत्यात का बगू."

मी फोटो काढला आणि त्यांच्याच मोबाइलवर पाठवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. बराच वेळ बघत राहिले. 

"जन्मापास्नं ह्येच्यावर हुबा हाय गड्या," ते म्हणाले. "आज तोंड बगितलं."

मग म्हणाले, "गावात आसं बहिऱ्या पायाचं किती आसतील रं?"

"कोण सांगणार तात्या? शुगर कुणी सांगत नाही."

"सांगायचं न्हाईच. दाखवायचं."

त्याच बैठकीत ग्रुप निघाला. बटणं मी दाबली. एक ॲडमिन तात्या, दुसरा मी.

नियम साधा होता. रोज आपापले पाय बघायचे आणि रविवारी सकाळी अंघोळ झाली की दोन्ही तळपायांचा फोटो ग्रुपात टाकायचा. साखर आहे का नाही हे कुणी विचारायचं नाही. पाय तर सगळ्यांनाच आहेत. पण अडचण वेगळीच निघाली. आमच्याकडं वडीलधाऱ्याकडं तळपाय करून बसलेलं चालत नाही. लहानपणी त्यावरून मार खाल्लेली माणसं आम्ही. आणि इथं तात्यांसारख्या म्हाताऱ्या माणसाला आपणहून तळपाय दाखवायचे! पहिल्या रविवारी दुपारपर्यंत एकही फोटो आला नाही. मग तालमीच्या वस्तादांनी आधी 'माफी असावी तात्या' असं लिहिलं आणि खाली पाय टाकले. बांध फुटला. तेव्हापासून आमच्या ग्रुपात प्रत्येक पायाच्या वर 'माफी असावी' असतंच.

म्हाताऱ्या माणसांना वाकता यायचं नाही, फोन धरता यायचा नाही. मग सुना सासवांचे पाय काढायला लागल्या. एका घरात सासूसुनेचं बोलणं कित्येक महिने बंद होतं. ते ह्या निमित्तानं सुरू झालं. पहिलं वाक्य होतं, "पाय जरा वर करा."

तात्या प्रत्येक फोटो मोठा करून बघत आणि प्रत्येकाला बोलून उत्तर देत. त्यांना त्यातलं वैद्यक कळत होतं अशातला भाग नाही, आणि तसा आवही त्यांनी कधी आणला नाही. लाल दिसलं, काळं दिसलं, फोड दिसला, की एकच उत्तर असायचं, "मला काय कळत न्हाई. डाक्टरला दाव. आजच. बास." आणि संध्याकाळी ते त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहत, दाखवलं का म्हणून विचारायला. ग्रुप मोबाइलमध्ये होता, पण तो चालायचा तात्यांच्या त्या नऊ बोटांवर.

औषधांचे फॉरवर्ड यायचे, कुठल्या ग्रुपात येत नाहीत? एकदा कुणीतरी टाकलं, परातीत कारली ठेचून अर्धा तास पायानं तुडवली की साखर उतरते. दोघांनी तुडवलीही. तात्यांचा आवाज आला, "पायानं कारलं खायाचं, मग तोंडानं काय चप्पल खायाची व्हय रं? धुवा त्ये पाय. आन् गोळी चुकवू नगा. बास."

टोमणे मारणारेही होते. चावडीपुढं एकानं त्यांना गाठलं. "तात्या, सोता गूळ करताय आन् लोकास्नी ग्वाड खाऊ नगा म्हनताय. ह्यो कुटला न्याय?"

"कासार बांगड्या भरतो," तात्या म्हणाले, "म्हनून सोता घालून हिंडतो व्हय?"

गुऱ्हाळ त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. फक्त आता पायात बंद चप्पल असायची, आणि पाक चाखून बघायचा बंद केला. पाण्यात थेंब टाकायचे, त्याची गोळी बोटांनी दाबून बघायचे आणि हात वर करायचे. "जीब रिटायर केलीया. बोटं ड्यूटीवर हायत." पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला तर तो काय म्हणेल, ही गावातल्या बायांची मोठी काळजी होती. त्यावर तात्यांनी सांगितलं, "पाव्हण्याला इचारायचं, साखर घालू का, आन् त्येच्या तोंडाकडं बगायचं न्हाई. तोंडाकडं बगितलं की त्यो लाजून घाला म्हनतो." तसं झालंही. बघणारं कुणी नसलं की निम्मे पाहुणे नको म्हणायला लागले.

बाजारातले चपलांचे दुकानदार इकबालभाई त्यांच्यावर रागावले होते. "तात्या, तुमच्यामुळं माझा निमुळता माल पडून राहिला. जो येतो तो रुंद पंजाची मागतो." तात्यांनी त्यांनाही ग्रुपात घेतलं. महिन्याभरात इकबालभाईंनी दुकानात पाटी लावली, 'रुंद पंजाची, मऊ तळाची मिळेल', आणि दर रविवारी सगळ्यात आधी त्यांचा फोटो यायला लागला.

आता माझं.

ग्रुप निघण्याच्या आधीपासून मला साखर होती. कराडला तपासून घेतलं होतं. गोळ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवायचो, कारण त्या बॅगेला घरात कुणी हात लावत नाही. बायकोला, सुमनला, सांगितलं नव्हतं. थोरलीचं, प्राजक्ताचं, लग्न जमत होतं. बापाला साखर म्हटल्यावर घराण्यात आहे, पोरीलाही होणार, असं लोक धरून चालतात. मोडलेली एक सोयरीक मी जवळून बघितली होती. लग्न होईपर्यंत गप्प बसायचं, असं मी ठरवलं.

त्या लग्नसराईत एका लग्नात दिवसभर नवे बूट घालून उभा होतो. घरी येऊन मोजा काढला तर तो ओला. उजव्या अंगठ्याच्या खाली फोड येऊन फुटला होता. दुखत काहीच नव्हतं. न दुखणं म्हणजे काय, हे सगळ्या गावात तात्यांच्या खालोखाल मला माहीत होतं. ग्रुपात लोकांना रोज तेच तर मी लिहून पाठवत होतो.

रविवार आला. मी मागच्या रविवारचा फोटो टाकला. 'माफी असावी' लिहिलं आणि टाकला. त्याच्या पुढच्या रविवारी तोच फोटो थोडा कापून, थोडा उजळ करून टाकला. माझा धंदाच तो. तात्यांचा आवाज आला, "बगा रं, संपत्याचा पाय बगा. लोन्यागत. आसा पाय ठेवा." आणि गावानं माझ्या त्या पायाखाली शाबासकीचे अंगठे टाकले. मी घरी बसून मोजा बदलत होतो.

असे बरेच रविवार गेले. मग एका दुपारी तात्या घरी आले. सुमन देवळात गेली होती. मी पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला, बाजूला ठेवला आणि ओसरीवर मांडी घालून बसले.

"संपत्या, तुज्या दुकानात म्हाताऱ्याकोताऱ्यांचं फोटू लावल्यात न्हवं? हार घातल्यालं?"

"व्हय. गिऱ्हाइकांनी मोठे करायला दिलेले."

"ती मानसं बदलत न्हाईत. वरीस गेलं, धा वर्सं गेली, तशीच. का?"

मी मोज्यातला पाय दुसऱ्या पायामागं नेला.

"मेल्याली हायत म्हनून. जित्त्या मानसाचा पाय दर आयतवारी बदलतो गड्या. रान भिजवलं की चिकलाचा, तोडनीला काळा, उनाळ्यात भेगाळल्याला. तुजा कवाबी बगावं तर त्योच. पाय हाय का भिंतीवरचा फोटू?"

"तात्या, तसं नाही..."

"मोजा काढ."

मी मागं सरकलो. त्यांनी हात लांब करून माझं पाऊल धरलं, ओढलं आणि आपल्या मांडीवर घेतलं. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी पाय सोडवायला बघत होतो. "आवं तात्या, पायाला हात लावू नका. मला पाप लागंल."

"पाप दाकवल्याल्या पायाला लागत न्हाई," ते म्हणाले. "दडवल्याल्या पायाला लागतं." आणि मोजा काढला.

ते जखमेकडं बघत राहिले आणि त्यांचा अंगठा माझ्या घोट्यावर हळूहळू फिरत राहिला, काहिलीच्या कडेनं फिरावा तसा. ओरडून बोलणारा तो माणूस त्या वेळी इतका गप्प होता, की मीच बोलायला लागलो.

मी त्यांना माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. आमच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली काढला आणि त्यातच ते गेले. गावाला आम्ही सांगितलं, काटा लागला होता. काटा कसला! साखर होती, घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि बोलत कुणी नव्हतं. मी रोज सकाळी दुकानाला जाताना त्यांच्या पाया पडायचो. एक दिवस चुकवला नाही. वाकायचो, डोळे मिटायचो, हात लावायचो, निघायचो. त्यांच्या टाचेला खालून भोक पडलं होतं. माझा हात त्याच्यापासून चार बोटांवर असायचा. आणि मी कधी बघितलं नाही. रोज पाया पडत होतो हो, पण पाय बघितला नाही.

तात्यांनी माझं पाऊल तसंच धरून ठेवलं होतं. म्हणाले, "पाया पडायची रीत लय शान्या मानसानं काढलीया. वाकल्याबिगार पाय दिसत न्हाई, म्हनून. आपुन डोळं झाकून तिची माती केली. ऊठ आता."

"कुठं?"

"मिरजंला. माजं बोट हाय तिथं वळकीला."

एवढ्यात सुमन आली. दारात उभी राहिली. तिनं माझा उघडा पाय बघितला, तात्यांची मांडी बघितली आणि हातातलं पूजेचं ताट खाली ठेवलं. "कवापास्नं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती आत गेली, पिशवी भरली आणि आमच्या आधी रस्त्याला लागली.

माझा अंगठा वाचला. बरं व्हायला उन्हाळा सगळा गेला. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तात्यांना ओळखलं. "ह्यांना तुम्ही आणलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. तात्या म्हणाले, "आनलं न्हाई, वडलंय." पाय तपासून झाल्यावर बाईंनी मोबाइल काढला आणि स्वतः ग्रुपात आल्या. पुढच्या रविवारी त्यांचेही तळपाय आले, माफी मागून.

तात्यांनी गावात माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही. सांगायचं तर तू सांग, एवढंच मला म्हणाले. दवाखान्यातनं आल्यावरच्या रविवारी मी पट्टी सोडवली, जखमेचा आहे तसा फोटो काढला, ना कापला, ना उजळला. 'माफी असावी' लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'आधीचे फोटो जुने होते.' टाकला आणि फोन पालथा ठेवला.  बराच वेळ काही वाजलं नाही. मग तात्यांचा आवाज आला.

"हां. आता संपत्याचा पाय आला. बास."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोटो येत राहिले. आजवर कधीच न टाकलेल्यांचे आले. काही तर माझ्यापेक्षा वाईट होते. गुपचूप फडकी बांधून बसलेला मी एकटा नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेच्या एसटीत आमच्या गावची माणसं उभी राहून गेली.

राहिली सोयरीक. "पाव्हण्यास्नी तुज्या तोंडानं सांग," तात्या म्हणाले. "उद्या दुसरं कुनी सांगंल, तवा पोरीला बोल लागंल." मी आणि सुमन गेलो, सांगितलं. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत बघून हाक मारली, "आगं, चहात साखर घालू नगंस! न्हाई, कुनालाच नगं." मग माझ्याकडं वळून खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्यात तिगांना हाय, पाव्हनं. तुमी मोडाल म्हनून आमी बी बोललो न्हाई."

लग्नात जावयाचे पाय धुवायला मी आणि सुमन बसलो. मी पाणी घातलं, पाऊल पुसलं, कुंकू लावलं. एवढ्यात मांडवाच्या मागल्या रांगेतनं इंजिनावरचा आवाज आला, "तळवा बी बग रं!" सगळा मांडव हसला. भटजीही हसले. जावयानं आपणच पाय वर केला. मी बघितला. चांगला होता.

मागल्या वर्षी तात्यांच्या गुडघ्यांनी काहिलीपुढं उभं राहायला नकार दिला. मुलगी सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याला दिलेली, ती म्हणाली, दोघं माझ्याकडं या. तात्या तयार झाले. "जिल्ह्याच्या त्या टोकाला बी पाय आसतीलच की," म्हणाले. ग्रुपनं ठरवलं, तात्यांना काहीतरी द्यायचं. शाल, फेटा, गणपतीची मूर्ती, बरीच चर्चा झाली. शेवटी इकबालभाईंनी हट्ट धरला. त्यांनी तात्यांच्या पायाचं माप घेऊन कोल्हापूरहून खास चपला करून आणल्या. रुंद पंजाच्या, आतून मऊ, डाव्या पायाला गेलेल्या बोटाच्या जागी कापसाची गादी. तात्यांनी त्या हातात घेतल्या, उलट्या केल्या, वास घेतला आणि तिथंच पायांत घातल्या.

निघायच्या दिवशी सकाळी स्टँडवर निम्मं गाव आलं होतं. हौसाकाकी पिशव्यांवर बसून होत्या. त्यांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेला तो आरसा होता. माणसं एकेक करून तात्यांच्या पाया पडत होती आणि तात्या प्रत्येकाला म्हणत होते, "डोळं उगड. उगडं ठेव. बगून पड."

गाडी लागली. माझी पाळी आली. मी वाकलो. डोळे मिटायची सवय मोडायला मला अजून जोर लावावा लागतो. डोळे उघडे ठेवले. चपला नव्या, पिवळ्याधमक, पट्ट्यावर इकबालभाईंनी शिवून घेतलेलं नक्षीकाम. आणि उजव्या पायाच्या करंगळीशी, पट्ट्याच्या कडेला, थोडं लाल. मी पट्टा बोटानं उचलला. खाली फोड होता.

मी वर बघितलं. "तात्या, कधी घातल्या ह्या?"

"परवा दिल्यात तवापास्नं."

"काढल्या नाहीत?"

तात्या गाडीकडं बघायला लागले. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभर, मग दुसऱ्या दिवशी जरा जास्त, हे त्यांनीच ओरडून ओरडून आम्हाला शिकवलं होतं. हौसाकाकी म्हणाल्या, "गावानं दिल्यात म्हनला. हातरुनात बी घालून झोपला त्यो."

"पाय बघितला सकाळी?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "मानसं आल्ती बाबा."

मी त्यांना बाकड्यावर बसवलं, खाली बसलो आणि त्यांचं पाऊल माझ्या मांडीवर घेतलं. कंडक्टरनं घंटी मारली, दारातनं ओरडला, "आवं, एसटी हाय का दवाखाना?" इकबालभाई दुकानाकडं पळाले आणि तात्यांच्या जुन्या बंद चपला घेऊन आले. नव्या घालून तात्या गेले, तेव्हापासून त्या त्यांनी दुकानाच्या उंबऱ्याशी जपून ठेवल्या होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. तात्यांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "चप्पल झ्याक हाय इकबाल. चूक माजी हाय. परेमात पाय बहिरा हुतो." मी स्टँडसमोरच्या मेडिकलातनं पट्टी आणली, फोड न फोडता वरनं हलकी लावली, जुनी चप्पल घातली.

"खंडाळ्यात उतरलात की आधी डॉक्टर," मी म्हणालो. "आजच. घरी जायच्या आधी."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग तोंड भरून हसले. "सुटलो गड्या," ते म्हणाले. "आता गावात बगनारं मानूस हाय."

गाडी सुटली. खिडकीतनं त्यांचा हात दिसत राहिला, नव्या चपला धरलेला, वर उंचावलेला. पाक उतरवायची खूण करताना ते असाच हात वर करायचे.

रविवारी सकाळी खंडाळ्याहून फोटो आला. करंगळीवर डॉक्टरांची पट्टी. तात्यांनी ग्रुपावर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र फोटोच्या वर, मुलीकडनं लिहून घेतलेले दोन शब्द होते. 'माफी असावी.'

मी फोटो मोठा करून बघितला. फोड बसत आला होता. मग फोन तळहातावर आडवा धरला, तोंड जवळ नेलं आणि म्हणालो, "बघितला तात्या. बास."